चौदा चौकोन

गोंदताईचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते मोठ्याने वाचलं असतं तर ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी ‘ही कोण?’ म्हणून विचारलं असतं. वनस्पतींच्या त्या संशोधन केंद्रात ती बावीस वर्षांपूर्वी लागली, वाळलेली पानं कागदावर चिकटवायला. काम हंगामी, सहा महिन्यांचं. बोटांना गोंद, बाहीला गोंद, आणि एकदा तर टेबलावरच्या फाईलचं पान कोपराला चिकटलं, ते तसंच घेऊन ती साहेबांच्या खोलीत जाऊन आली. त्या दिवशी दोरीदादाने तिला गोंदताई म्हटलं आणि ते नाव मात्र पक्कं चिकटलं.

दोरीदादाचं नावही असंच कामावरून पडलेलं. जंगलात किती जातींची झाडं आहेत हे मोजायचं तर आधी वीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असा चौकोन आखायचा. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकायच्या, भोवती दोरी ताणायची, आणि दोरीच्या आतलं झाडझुडूप, वेल, सगळं तक्त्यावर लिहून काढायचं. झाडांना पत्र्याचे बिल्ले ठोकायचे, प्रत्येक जातीची एक डहाळी कापून आणायची. उतार असो, काटे असोत, दादाइतकी सरळ दोरी दुसऱ्या कोणाला जमत नसे.

झाडं ओळखायला तिला त्यानेच शिकवलं. चिकटवणाऱ्या बाईने नावं शिकावीत अशी कोणाची अपेक्षा नव्हती. पण दादा जंगलातून आला की तिच्या टेबलावर पिशवी उलटी करायचा आणि म्हणायचा, नुसतं चिकटवू नकोस, ओळख करून घे. पान चुरगाळून वास घ्यायचा, देठ मोडून चीक येतो का बघायचं, मागून अंगठा फिरवून लव हाताला लागते का ते पाहायचं. तिसऱ्या वर्षी तो तिला बरोबर न्यायला लागला. दहाव्या वर्षापर्यंत उलटं झालं. तोच पान पुढे करून “हे कोण गं?” विचारायचा आणि ती सांगायची. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. येईल त्या पाहुण्याला तो सांगायचा की ही माझी चेली आहे आणि आता मलाच विकून खाईल.

गोंदताईचा नवरा बसदुरुस्तीच्या कारखान्यात होता. त्याला या दादापुराणाचा थोडा कंटाळाच होता. तो म्हणायचा, “तुझा दादा म्हणाला की विजेच्या खांबाला पालवी फुटली, तर तू पाणी घालायला जाशील.” तीही हसायची आणि म्हणायची, दादा म्हणाले असतील तर फुटलीही असेल.

मग केंद्राकडे ते मोठं काम आलं. सगळं जंगल दोरी लावून मोजायला तीन पिढ्या लागल्या असत्या, म्हणून ते वरून मोजायचं ठरलं. विमानाच्या पोटाला एक कॅमेरा लावला होता. माणसाच्या डोळ्याला सगळी पानं हिरवीच, पण प्रत्येक जातीचं पान ऊन थोडं वेगळं परतवतं आणि तो फरक या कॅमेऱ्याला कळायचा, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशातलासुद्धा. एखाद्या तुकड्यातून जितका तऱ्हेतऱ्हेचा प्रकाश परत येईल, तितक्या जाती तिथे जास्त, असा हिशेब. तो बसवायला एक नवी मुलगी आली. दिवसभर ती दोन पडद्यांसमोर बसून रंगीत ठिपक्यांचे नकाशे करायची, म्हणून तिला सगळे नकाशावाली म्हणायला लागले.

पण वरून दिसलेलं खरं की खोटं, हे ठरवायला जमिनीवरची मोजणी लागतेच. साठ चौकोन ठरले. शेहेचाळीस जवळपासचे, ते दादाने आणि गोंदताईने मिळून केले. उरलेले चौदा डोंगराच्या धारेपलीकडे होते, दोन दिवसांच्या चालीवर. एरवी ती दोघं बरोबर गेली असती. पण आधीच्या शेहेचाळीस चौकोनांतल्या डहाळ्यांचे ढीग पडले होते. वेळेवर दाबून वाळवल्या नसत्या तर त्यांना बुरशी आली असती. दादा म्हणाला, तू इथलं बघ, मी रानाच्या कडेच्या वस्तीतली दोन माणसं घेतो आणि उरकून येतो. ती माणसं कोण, हे कोणी विचारलं नाही. दादाला असं कोण विचारणार?

तो आठवडा-आठवड्याच्या चार फेऱ्यांना गेला. त्याची बायको कधीच वारली होती, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरी म्हातारी आई, आणि तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यात थेंब घालायला दुसरं कोणी नव्हतं. सकाळचे शेजारीण घालायची आणि संध्याकाळचे गोंदताईने अंगावर घेतले. ऑफिस सुटलं की ती दोन गल्ल्या ओलांडून जायची, हात धुवायची, म्हातारीची मान मागे करून थेंब सोडायची आणि डोळा मिटून पडून राहा म्हणायची. म्हातारी डोळा मिटून रोज एकच प्रश्न विचारायची, आज कुठवर पोचला असेल गं तो? मग गोंदताई तिला सांगायची. आज धार ओलांडली असेल, तिथे वारा फार असतो. आज ओढ्याशी असतील, तिथलं पाणी इतकं गार की दात शिवशिवतात. म्हातारी ‘हं, हं’ करत ऐकायची.

चौदा चौकोनांचे तक्ते आले, डहाळ्या आल्या. गोंदताईने त्या दाबल्या, चिकटवल्या, नावं ताडून पाहिली आणि प्रत्येक तक्त्याखाली ‘पडताळणी केली’ म्हणून सही केली.

महिन्याभराने नकाशावाली अडली. शेहेचाळीस चौकोनांत वरचं चित्र आणि खालची मोजणी छान जुळत होती. धारेपलीकडच्या चौदांत काहीच जुळेना. तक्ता म्हणायचा इथे एकेचाळीस जाती, चित्र म्हणायचं इथे एकाच तऱ्हेचा प्रकाश आहे. केंद्राच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी बैठक बोलावली. नकाशावालीने चाचरत सांगितलं की आकडेमोड तिने तीनदा तपासली आहे, तेव्हा जमिनीवरची मोजणी एकदा पुन्हा बघता आली तर बरं. दादा समोरच बसला होता. उठली ती गोंदताई. ती सहसा बैठकीत बोलत नसे. तिने सांगितलं की विमान एका दुपारी वरून भुर्रकन जातं आणि दादा तीस वर्षं झाडाखाली उभा आहे. चूक असेल तर ती विमानाची.

“आणि नाव लिहायचं असेल तर माझं लिहा,” ती म्हणाली. “या चौदा चौकोनांची हमी मी देते.”

नकाशावालीचा चेहरा उतरला. मोठ्या बाईंनी ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गोंदताईने त्या चौदा चौकोनांचे सगळे चिकटकागद कपाटातून काढले. हेतू साधा होता, मुलीला समोर बसवून एकेक जात दाखवायची आणि तिची शंका फेडायची. खरखरीत पानांचं एक झाड होतं, चौदापैकी पाच चौकोनांत नोंदलेलं. तिने ते पाच कागद टेबलावर ओळीने मांडले. मांडता मांडता तिच्या लक्षात आलं की पहिल्या कागदावरचा देठ जाड आहे, दुसऱ्यावरचा जरा बारीक, तिसऱ्यावरचा त्याहून बारीक, आणि पाचव्यावर नुसता कोवळा शेंडा. मग ओला कापूस लावून तिने पाचही डहाळ्या कागदावरून सोडवल्या आणि टोकाला टोक लावून पाहिलं. चाकूचे तिरपे काप एकमेकांत नीट बसले. सालीवरचा एक ओरखडा पहिल्या तुकड्यावरून निघून दुसऱ्यावर तसाच पुढे गेला होता. एकाआड एक येणारी पानंसुद्धा कुठे चुकत नव्हती.

ती एकच फांदी होती, दीड हात लांब. एका झाडाची, एका जागी कापलेली, आणि कागदावर मात्र पाच चौकोनांत, मैल-मैल अंतरावर. तिने स्वतःच्या हाताने चिकटवलेली.

तिने आणखी कागद काढले. दुपारपर्यंत अशा सहा फांद्या जुळल्या. मग तिने कपाट बंद केलं आणि किल्ली कमरेला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मागच्या अंगणात होता, पानं दाबायच्या पेटीच्या फळ्या उन्हात उभ्या करत. तिने त्याला तिथेच गाठलं. आरोप करायला नव्हे, विचारायला. तिने जुळलेल्या डहाळ्यांचं सांगितलं. त्याने शेवटची फळी भिंतीला टेकवली, हात झटकले आणि हसला. पिशव्या मिसळल्या असतील गं, तो म्हणाला. तूच तर काढल्यास पिशवीतून. तेव्हा तुझ्यामागे केवढं काम होतं.

तिला पटलं असं नाही, पण पटावं असं वाटलं. घरी येऊन तिने सगळं आठवून पाहिलं. कोणती पिशवी कधी उघडली, मधे कोणी हाक मारली का, चिठ्ठ्या कुठे ठेवल्या. रात्रीच्या जेवणापर्यंत तिने स्वतःला जवळजवळ गुन्हेगार ठरवलं होतं. नवऱ्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, बहुतेक माझ्याच हातून घोळ झालाय. पण फांद्यांचे काप काही डोळ्यांपुढून हलेनात. पिशव्या मिसळल्या तर पानं इकडची तिकडे होतील, एका फांदीचे पाच तुकडे कसे होतील?

सकाळी ऑफिसात पाऊल टाकताच निरोप होता, मोठ्या बाईंनी बोलावलंय. आत दादा आधीच बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. नकाशावाली खिडकीपाशी उभी. मोठ्या बाईंनी सांगितलं की दादाने स्वतःहून येऊन एक गोष्ट कानावर घातली आहे, नमुन्यांची सरमिसळ झाल्याची.

“मी दोरी धरणारा माणूस, बाई,” दादा म्हणाला. त्याने गोंदताईकडे पाहिलं नाही. “आणून द्यायचं एवढंच माझं काम. चिकटवणारी ती, नाव घालणारी ती, सही तिची. बिचारीवर ताण होता. तिला फार बोलू नका.”

आरोप तिने एक वेळ सोसला असता. पण तो ‘बिचारी’ शब्द सोसवेना. बावीस वर्षांत दादाने तिला चेली म्हटलं होतं, गोंदताई म्हटलं होतं, चिडला तर गाढवही म्हटलं होतं. बिचारी कधी म्हटलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “मला चौदाही चौकोनांवर जाऊन यायचंय.”

मोठ्या बाईंनी आधी टाळाटाळ केली. वेळ नाही, माणसं नाहीत, आणि तक्त्यावर सही करण्याचं काम तूर्त दुसऱ्याकडे द्यावं लागेल, असंही सांगितलं. तेव्हा नकाशावाली मध्ये पडली. तिथे प्रत्यक्ष गेल्याशिवाय माझं गणित पुढे सरकणार नाही, मीही ताईंबरोबर जाते, ती म्हणाली. भर बैठकीत जिला गोंदताईने खोटं पाडलं होतं, तीच आता तिच्या बाजूने बोलत होती. गोंदताईला मान वर करवेना.

नऊ दिवस दोघी फिरल्या. नकाशावालीला तंबू ठोकता येत नव्हता आणि चढावर तिचा श्वास भात्यासारखा चालायचा, पण यंत्रावर आकडे बघून ती बरोबर त्या जागी नेऊन उभं करायची. पहिल्या चौकोनाच्या जागी गोंदताईने खुंट्या शोधल्या. नव्हत्या. झाडांवर बिल्ले शोधले. बिल्ला नव्हता आणि खिळ्याचं भोकही नव्हतं. दुसऱ्या जागी तेच, तिसऱ्या जागी तेच. तिथे दोरी कधी लागलीच नव्हती. झाडंही कोणीतरी अनेक वर्षांपूर्वी रांगेत लावलेली, एकाच जातीची, आणि खाली वाळका पाचोळा. तक्त्यावरच्या एकेचाळीस जाती दादाने दुसऱ्याच जागेच्या, दहा वर्षांपूर्वीच्या जुन्या तक्त्यातून उतरवल्या होत्या. क्रमसुद्धा तोच होता, हे तिला नंतर कळलं. असे अकरा चौकोन निघाले. दोन ठिकाणी डोंगर घसरून गेला होता आणि त्यावर एकाच वेलीची चादर पसरली होती. विमान बरोबर होतं.

चौदाव्या चौकोनात मात्र विमानही फसलं होतं. वर एकाच जातीची उंच झाडं, त्यामुळे चित्रात एकच रंग. पण त्यांच्या सावलीत ओल धरून राहिलेलं एक वेगळंच जग होतं. गोंदताई गुडघ्यांवर बसून दोन दिवस तिथेच मोजत राहिली. अडतीस जाती भरल्या, त्यांतल्या तीन तिने पूर्वी फक्त वाळलेल्या पाहिल्या होत्या. दादाच्या तक्त्यावर तिथे एकोणीसच होत्या. एक इवलंसं पान तिने चुरगाळून हुंगलं आणि सवयीने मान वर करून मागे पाहिलं, दादाला दाखवायला. मागे नकाशावाली उभी होती. ती घाबरून म्हणाली, “ताई, काय झालं?” काही नाही, गोंदताई म्हणाली. लिही, वरून पाहणाऱ्याला सावलीतलं दिसत नाही. नकाशावालीने ते लिहून घेतलं आणि पुढे अहवालात ठळक अक्षरांत घातलं.

परत आल्यावर सगळं कागदावर मांडलं गेलं. दादा नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. मोठ्या बाईंनी दार लावून गोंदताईला समजावलं की त्याच्या निवृत्तीला वर्षही उरलेलं नाही, केंद्राची अब्रू आहे, गाजावाजा करून कोणाचं भलं होणार? अहवालात ‘काही नोंदी रद्द’ असं एक वाक्य आलं. दादाला फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही सांभाळायला. गोंदताईला सहीचं काम परत मिळालं, पण तिच्या फाईलमध्ये एक पत्रही गेलं. यापुढे पडताळणी काळजीपूर्वक करावी. ते रद्द करा म्हणून तिने दोनदा अर्ज दिला. उत्तर आलं नाही.

तो चार आठवडे होता कुठे, हे अजून कोणाला माहीत नव्हतं. ते कळलं ते म्हातारीकडून. तिचा काय दोष, असं म्हणून गोंदताई एका सुट्टीच्या दिवशी तिला भेटायला गेली. डोळा स्वच्छ झाला होता. म्हातारीने तिला नीट निरखलं आणि म्हणाली की तू थेंब घालायचीस तेव्हा मला वाटायचं, तू फार उंच असशील. मग तिने गोंदताईचा हात धरला. रागावू नकोस त्याच्यावर, ती म्हणाली. गावाबाहेर घर बांधायला काढलंय, स्लॅब टाकायचा होता. मालक नजरेआड झाला की कामगार हात हलवत नाहीत. म्हणून तिथेच मुक्काम ठोकला होता त्याने. रोज दुपारी येऊन जेवून मात्र जायचा.

गोंदताईला आधी कळलंच नाही. मग तिने सावकाश विचारलं, “रोज? म्हणजे मी संध्याकाळी यायचे, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?”

“तुला सांगू नको म्हणाला.” म्हातारीने तिचा हात सोडला नाही. “आणि तू ओढ्याचं, वाऱ्याचं सांगायचीस ना, ते ऐकायला मला बरं वाटायचं गं.”

तिने हळूच हात सोडवून घेतला. जाताना नेहमीप्रमाणे ‘येते’ म्हणाली, पण त्यानंतर ती त्या गल्लीत गेली नाही. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं, तेव्हा तिला वाटलं की आता तो खांबाची आणि पालवीची आठवण काढेल. त्याने काढली नाही. उठून तिच्यासाठी चहा टाकला.

फाटक मात्र चुकवता येत नव्हतं. रोज सकाळी दादा वही पुढे सरकवायचा, ती वेळ लिहायची, वही मागे सरकवायची. दोन महिने असेच गेले. एकदा वही तिच्या हातात असताना तो म्हणाला, “मला वाटलं होतं, तू सांभाळून घेशील.”

ती लिहायची थांबली. “दादा, त्या पहिल्या आठवड्यात येऊन तुम्ही मला खरं सांगितलं असतं, तर घेतलं असतं. मी एकटी जाऊन चौदा चौकोन आखून आले असते. नाहीतर खोटंसुद्धा बोलले असते तुमच्यासाठी. तुम्ही तेवढंही विचारलं नाहीत.”

दादाने टोपी काढली, परत घातली. तिच्या मागे दोन माणसं सही करायला थांबली होती. तिने वेळ लिहिली आणि आत गेली. वर्ष सरायच्या आत तो निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी तिने रजा टाकली.

नकाशाचं काम पुढे वाढत गेलं आणि दोरीचं काम गोंदताईकडे आलं. आता तिची शिस्त कडक आहे. स्वतः त्या जागी उभं राहून आल्याशिवाय ती कोणाच्याच तक्त्याखाली सही करत नाही. कामाला दुप्पट वेळ लागतो. तिच्यामागे लोक कुरकुरतात की ही बाई सख्ख्या भावालाही पावती मागेल.

मध्यंतरी नकाशावाली नऊ चौकोन करून आली. आता ती तंबू चांगला ठोकते आणि चढावर दम लागला तरी थांबत नाही. तिने तक्ते टेबलावर ठेवले. गोंदताईने ते चाळले. खुंट्यांचे फोटो होते, बिल्ल्यांचे होते, डहाळ्या वेगवेगळ्या, कापही वेगवेगळे. सगळं जिथल्या तिथे होतं. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, “तू स्वतः गेली होतीस ना?”

मुलगी कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, “हो, ताई.”

गोंदताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्याशेजारी नऊ रात्री तंबूत झोपली, तिला हा प्रश्न विचारावा लागावा, याची तिला लाज वाटली. तिने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला, चहा पाजला आणि वेगळ्याच गोष्टी काढून तिला हसवलंसुद्धा. मग पुढच्या सोमवारी पाठीवर पिशवी टाकून ती त्या नऊ चौकोनांकडे निघाली.